कर्जाचा कागद आणि घराची वही

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपल्या घरांत लहानपणापासून इतक्या वेळां कानीं पडते कीं, तिचा अर्थ विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. घरांत कर्ज झालें म्हणजे शेजारी, सोयरे आणि उपदेशक हे सर्वजण तीच म्हण पुढें करितात. आणि आपल्या दुर्दशेचें मूळ केवळ आपल्या लांब पायांत आहे, असें कर्जदारालाही वाटूं लागतें. परंतु या म्हणींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. अंथरुणाची लांबी किती, हें पाय पसरणाऱ्यास ठाऊक आहे, ही ती गोष्ट. आमच्या मतें महाराष्ट्रांतील घरगुती कर्जाचा इतिहास म्हणजे, बऱ्याच अंशीं, ही लांबी मोजण्याची पट्टी कोणाच्या हातीं होती याचा इतिहास होय. कर्ज किती आहे यापेक्षां कर्जाचा हिशेब कोणाजवळ आहे, या एका प्रश्नावर कित्येक संसार तरले किंवा बुडाले. हें विधान कांहीं वाचकांस धाडसाचें वाटेल; म्हणून जुन्या काळापासून क्रमानें त्याची परीक्षा करून पाहूं.

आपल्या पूर्वजांनीं ऋण हा शब्द केवळ पैशापुरता वापरला नाहीं. मनुष्य जन्मास येतो तो देव, ऋषि आणि पितर यांचें ऋण घेऊनच येतो, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळें पैशाचें ऋण बुडविणें हा नुसता व्यवहारांतील दोष न राहतां तें पाप ठरलें. तथापि धर्मशास्त्रकारांनीं सर्व बंधन ऋणकोवरच घातलें असें नाहीं. मनुस्मृतींत वसिष्ठाच्या नांवावर सांगितलेला व्याजाचा दर दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे वर्षास शेंकडा पंधरा, असा आहे. त्याच ग्रंथांत वर्णपरत्वें दरमहा शेंकडा दोनपासून पांचपर्यंत चढते दरही दिलेले आहेत. आणि समाजांत ज्याची पायरी खालची, त्याजकडून व्याज अधिक, ही विषमता आजच्या वाचकास खटकल्यावांचून राहणार नाहीं. परंतु या सर्वांवर एक मर्यादा होती, ती दामदुपटीची. एका वेळीं वसूल होणारें व्याज मुद्दलापेक्षां अधिक असूं नये, हा तो नियम. शंभर रुपयांचे दोनशें होत, पण दोनशेंचे तीनशें होत नसत. मुंबईच्या हायकोर्टानेंही हिंदूंच्या व्यवहारांत हा नियम मान्य केला होता.

बापाचें कर्ज मुलानें फेडावें, हें दुसरें तत्त्व. त्यालाही अपवाद होते. मद्यपान किंवा द्यूत यांसाठीं बापानें केलेल्या कर्जाची फेड करण्यास पुत्र बांधलेला नव्हता. केवळ धार्मिक कर्तव्य म्हणून पुत्रपौत्रांकडून कर्ज वसूल करण्याचा सावकाराचा हक्क पुढील कर्जांपुरता कायद्यानें नाहींसा झाला तो २००५ मध्यें, हिंदु वारसा कायद्याच्या दुरुस्तीनें. एक कल्पना न्यायालयांतून निघून जावयास एकविसावें शतक उजाडावें लागलें! घराघरांतून ती अजूनही गेलेली नाहीं, आणि ती अगदींच जावी असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

कर्जाची सत्ता कागदांत असते, हें महाराष्ट्रानें फार पूर्वीं ओळखलें होतें. तुकोबांच्या घरीं महाजनकी होती व लोकांकडे त्यांचें येणें होतें. वैराग्य आल्यावर धाकटे बंधु कान्होबा यांच्याशीं त्यांनीं खतपत्रांची वांटणी केली आणि आपल्या वांट्याचीं खतें इंद्रायणींत सोडून दिलीं, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. या कथेंत भक्तिमार्गाचा उपदेश आहेच. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तींत आणखी एक गोष्ट दिसते. तुकोबांनीं कुळांना नुसतें ‘पैसे देऊं नका’ असें सांगितलें नाहीं. त्यांनीं कागद बुडविले. कागद राहिला तर आज ना उद्यां तो कोणाच्या तरी हातीं पडून बोलूं लागतो, हें वाण्याच्या घरांत वाढलेल्या त्या संताला आम्हां पुस्तकी लोकांपेक्षां अधिक चांगलें ठाऊक होतें. आणि कर्जाचा जाच केवळ गरिबांनाच होता असेंही नाहीं. पहिल्या बाजीरावासारखा पराक्रमी पुरुष ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या पत्रांत आपण कर्जानें किती गांजलों आहों, हें काकुळतीनें सांगतो.

असें असतां ज्या नियमानें कुळांचें शतकानुशतकें रक्षण करावयाचें, तो दामदुपटीचा नियम एकोणिसाव्या शतकांत निरुपयोगी कां झाला? याचें उत्तर एका सद्हेतूनें केलेल्या कायद्यांत आहे. १८५९ मध्यें मुदतीचा कायदा झाला. साध्या कर्जरोख्याची मुदत त्यानें तीन वर्षांची ठरविली. जुनीं मढीं उकरून काढून सावकारानें कुळास छळूं नये, हा त्यांतील हेतु. परिणाम मात्र नेमका उलटा झाला. मुदत संपत आली कीं सावकार कुळास बोलावी, तुंबलेलें व्याज मुद्दलांत मिळवी, आणि सगळ्या रकमेचा नवा रोखा लिहून घेई. कालचें व्याज आज मुद्दल झालें. आणि मुद्दलच वाढलें म्हटल्यावर दामदुपटीची मर्यादा तरी कशाला आड येणार?

हा प्रकार आंकड्यांनीं पाहिला म्हणजे त्याचें खरें स्वरूप कळतें. एका कुळानें शंभर रुपये दरमहा शेंकडा दोन रुपये व्याजानें घेतले असें धरूं. त्या काळीं हा दर मुळींच असाधारण नव्हता. तीन वर्षांनीं व्याज बहात्तर रुपये झालें, आणि नवा रोखा एकशें बहात्तरांचा झाला. आणखी तीन वर्षांनीं तो जवळजवळ दोनशें शहाण्णवांचा झाला, आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस पांचशें नऊ रुपयांचा. मध्यंतरीं त्या कुळानें एक पैही नवीन उचललेली नाहीं. जुन्या नियमानें ज्याला दोनशेंच्या पुढें जातां आलें नसतें, तें कर्ज नव्या कायद्याच्या छायेखालीं पांचशेंच्या पलीकडे गेलें. कुळास वाचतां येत नव्हतें. रोख्यावर तो अंगठा उठवीत होता. आपण किती घेतलें हें त्याला आठवत होतें, पण किती देणें आहे हें फक्त सावकाराची वही सांगूं शकत होती.

येथें सावकाराचीही बाजू सांगणें न्यायाचें होईल. पेरणीस बीं, बैल मेला तर नवा बैल, सरकारचा हप्ता, घरांतील लग्न, या प्रत्येक वेळीं कुळाच्या मदतीस दुसरें कोण येत होतें? जुन्या काळीं सावकाराला वसुलीसाठीं गांवाच्या सद्भावनेवर अवलंबून राहावें लागे. म्हणून तोही बेतानें वागे. इंग्रजी न्यायालयें आलीं आणि हुकूमनामा हातीं घेतला कीं गांवाच्या रोषाची पर्वा करण्याचें त्याला कारण उरलें नाहीं. सर्व्हे खात्यांतील कॅप्टन विंगेट यानें १८५२ मध्येंच सरकारला कळविलें होतें कीं, धनको आणि ऋणको यांच्यामधील ही झटापट दोघांचाही अधःपात करणारी आहे. इशारा दप्तरीं दाखल झाला, आणि तेथेंच राहिला.

पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ पासून कापसाचे भाव चढले आणि दख्खनच्या शेतकऱ्याला पत मिळूं लागली. १८६५ मध्यें तें युद्ध संपलें; भाव उतरले, पत आटली, कर्ज मात्र राहिलें. त्यांतच १८६७ पासून फेरपाहणीनें सारा वाढला. अखेर १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं लोक सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेले, आणि तो वणवा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील गांवोगांव पसरला. मालमत्तेची नासधूस झाली, कांहीं ठिकाणीं आगी लागल्या, आणि यांत गुजर व मारवाडी सावकारांवर विशेष रोख होता. परंतु चौकशीस बसलेल्या कमिशनला सुद्धां एक गोष्ट ध्यानांत घ्यावी लागली. माणसांना गंभीर इजा फारच थोड्या झाल्या. जमाव मागत होता ते खतांचे आणि हुकूमनाम्यांचे कागद. ते मिळाले कीं तेथेंच त्यांची होळी होई, आणि लोक पुढच्या घराकडे वळत. तुकोबांनीं जें धनको होऊन स्वखुशीनें पाण्यांत सोडलें, तें या ऋणकोंनीं बळानें अग्नींत घातलें. दंगलीचें समर्थन करावें असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्याला वाचतां येत नाहीं, त्याच्यापाशीं कागदाला उत्तर द्यावयास दुसरें साधन तरी कोणतें होतें?

खरें उत्तर चार वर्षांनीं आलें. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा हा प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) या चार जिल्ह्यांस लागू झाला. या कायद्यांत कर्जदाराची अटक बंद झाली आणि हप्तेबंदीची सोय झाली, हें सर्वजण सांगतात. आमच्या मतें त्यांतील दोन कलमें याहून अधिक महत्त्वाचीं आहेत. पहिलें हें कीं, न्यायाधीशानें रोख्यावरील आंकड्यावर न थांबतां त्याच्या पाठीमागें जावें, व्यवहाराचा आरंभापासून हिशेब घ्यावा, आणि मुद्दल व व्याज वेगळें करावें. दुसरें असें कीं, शेतकऱ्याला दिलेल्या रकमेची लेखी पावती, वर्षाचा हिशेबाचा उतारा, आणि त्याची इच्छा असल्यास पासबुक मिळण्याचा हक्क असावा. पासबुक! आजच्या वाचकाला ही क्षुल्लक बाब वाटेल. परंतु सावकाराच्या वहीची एक प्रत कुळाच्या घरांतही असावी, हा विचार कायद्याच्या भाषेंत प्रथमच एवढ्या स्पष्टपणें उतरला होता. ज्या न्यायाधिकाऱ्यांकडे या कायद्याची अंमलबजावणी आली, त्यांत महादेव गोविंद रानडे हे होते. १८९३ मध्यें हायकोर्टांत जाण्यापूर्वीं त्यांचीं कित्येक वर्षें याच कामांत गेलीं.

कायदा सर्वस्वी यशस्वी झाला असें नाहीं. सावकारांनीं गहाणखताऐवजीं सरळ खरेदीखत लिहून घेण्यास आरंभ केला, आणि पुष्कळांनीं हात आंखडता घेतला. हिशेब मिळाला, पण पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न तसाच राहिला. नुसत्या वहीनें कर्ज फिटत नाहीं. वहीमुळें फेड शक्य मात्र होते.

ही शक्यता घरांत कशी उतरते, याचें एक उदाहरण त्याच वर्षीं, १८७९ मध्यें, दक्षिण महाराष्ट्रांतील एका घरांत घडलें. कृष्णराव गोखले हे त्या वर्षीं वारले. मागें विधवा पत्नी आणि मुलें. मोठा मुलगा गोविंदराव जेमतेम अठरा वर्षांचा, धाकटा गोपाळ तेरा वर्षांचा. गोविंदरावांनीं शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यांतून दरमहा आठ रुपये ते गोपाळाच्या शिक्षणासाठीं कोल्हापुरास पाठवीत, आणि उरलेल्या सात रुपयांत घर चालवीत. हाच गोपाळ पुढें नामदार गोखले म्हणून सर्व देशास ललामभूत झाला. या हकीकतींतील त्यागाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. तिच्यांतील हिशेबाकडे मात्र फारसें कोणीं पाहिलें नाहीं. सातांत घर चालवून उरेल तें पाठवूं, असें गोविंदरावांनीं म्हटलें असतें, तर कोणत्याही महिन्यास कांहीं उरलें नसतें. आठ हे आधीं बाजूस निघाले, आणि सातांचें अंथरूण ठरलें. पगार लहान होता, पण त्याची लांबी घरांतल्यांनीं स्वतः मोजलेली होती. ज्या ऋणाचा कोठेंही कागद झाला नाहीं, असें हें एक ऋण होतें. आणि तें कधीं फिटलें असें गोपाळरावांनींही मानलें नसेल.

आतां खेड्यांतून शहराकडे वळूं. कारण सावकाराच्या गांवांतून निघालेला मनुष्य मुंबईच्या गिरणींत आला, तो कर्जांतून सुटला नाहीं. मुंबई सरकारच्या मजूर खात्यानें १९२१-२२ मध्यें मुंबईंतील कामगारांच्या घरखर्चाची चौकशी केली, आणि फिंडले शिरास यांनीं तिचा अहवाल १९२३ मध्यें प्रसिद्ध केला. दोन हजारांवर कुटुंबांचे जमाखर्च त्यांत तपासले आहेत. कुटुंबाची सरासरी मिळकत दरमहा सुमारें ५२ रुपये भरली, आणि शेंकडा ४७ कुटुंबें कर्जांत आढळलीं. व्याजाचा नेहमींचा दर रुपयास दरमहा एक आणा. ‘एक आणा’ हा शब्द किती सौम्य आहे! बारा महिन्यांचे बारा आणे. म्हणजे वर्षास शेंकडा पंच्याहत्तर.

अशा एखाद्या कुटुंबास अडीच महिन्यांच्या मिळकतीइतकें, म्हणजे १३० रुपये, कर्ज आहे असें समजूं. रुपयास आणा या दरानें पहिल्या महिन्याचें व्याज १३० आणे, म्हणजे आठ रुपये दोन आणे झालें. घरधनिणीनें पोटाला चिमटा घेऊन आठ रुपये दोन आणे दरमहा दिले, तर तिनें मरेपर्यंत द्यावे. मुद्दलांतील एक पैही हालणार नाहीं. तिनें दहा रुपये देण्याचा निश्चय केला, तर पहिल्या महिन्यांत मुद्दल एक रुपया चवदा आण्यांनीं उतरेल, आणि सर्व कर्ज फिटण्यास अठ्ठावीस महिने लागतील. आतां तेंच कर्ज वर्षास शेंकडा साडेबारा व्याजाच्या ठिकाणीं नेलें, तर तेच दहा रुपये दरमहा भरून तें चवदा महिन्यांत, दोनचार आण्यांच्या फरकानें, संपतें. घर तेंच, मिळकत तीच, पोटाला घेतलेला चिमटाही तेवढाच. परंतु एके ठिकाणीं सुमारें २७६ रुपये गेले, आणि दुसरीकडे १४०. कर्जदाराला काटकसरीचा उपदेश करणारांनीं हा हिशेब एकदां करून पाहावा, अशी आमची विनंती आहे. काटकसर दोन्ही घरांत सारखीच होती. एका घरांत मात्र व्याजाचा दर मासिक आण्यांत सांगितला जात होता, आणि त्याचें वार्षिक रूप कोणीं उलगडून दाखविलें नव्हतें.

हें दुसरें घर कल्पनेंतलें नव्हे. १९०४ मध्यें सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. पुण्यास कॉसमॉस आणि मुंबईस शामराव विठ्ठल या पतपेढ्या १९०६ मध्यें निघाल्या. मुंबईचीच सारस्वत १९१८ मध्यें निघाली. आज या मोठ्या बँका आहेत. आरंभीं मात्र त्या लहान पगारांच्या कुटुंबांनीं परस्परांस आजारपणांत, लग्नकार्यांत व जुन्या कर्जाच्या फेडींत मदत करावी, एवढ्यासाठीं जमलेल्या होत्या. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनीं तर मुंबईंतील गरीब कामकऱ्यांत, त्यांचें जुनें कर्ज एकरकमी फेडून तें हलक्या व्याजाच्या हप्त्यांत आणण्यासाठींच, ऋणमोचनाच्या सहकारी मंडळ्या काढल्या. या संस्थांचें मर्म आमच्या दृष्टीनें तीन गोष्टींत आहे. जामीन राहणारा सहकारी शेजारच्याच टेबलावर बसतो, म्हणून कर्ज मागण्यापूर्वीं मनुष्य दोनदां विचार करितो. हप्ता पगार हातीं पडण्यापूर्वींच कापला जातो. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानेंही अशा कपातीस आधार दिला आहे. आणि सभासद हा संस्थेचा मालकही असल्यामुळें संस्थेची वही त्याला उघडून पाहतां येते. पहिल्या दोन गोष्टी गोविंदरावांनीं एकट्यानें, कोणत्याही कायद्यावांचून, साधल्या होत्या. तिसरी १८७९ च्या पासबुकाची पुढची पायरी होय. आमच्या चाळींतून आणि वाड्यांतून बायका जी भिशी चालवीत आल्या आहेत, तिच्यांतही हेंच तत्त्व लहान प्रमाणांत दिसेल. तेथें व्याज नाहीं, रोखा नाहीं. पण कोणाची पाळी केव्हां व कोणीं किती भरले, हें प्रत्येकीस तोंडपाठ असतें.

येथपर्यंतचा इतिहास वाचून कोणी म्हणेल कीं, आज सर्व साक्षर झाले, आतां भय कशाचें? परंतु कागद वाचतां येणें आणि कागद वाचणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजचा नोकरदार घराचा, गाडीचा, फोनचा, मुलांच्या शिक्षणाचा हप्ता देतो. पांच ठिकाणीं पांच हप्ते असतात, आणि प्रत्येक लहान दिसतो. एकूण देणें किती, त्यांत कोणत्या कर्जाचा दर सर्वांत चढा, आणि यंदा मुद्दल किती उतरलें, हें विचारलें तर तो विद्वान गृहस्थही सुप्याच्या कुळाप्रमाणें सावकाराच्याच वहीकडे बोट दाखवितो. कांहीं सावकार तर आतां फोनमध्येंच येऊन बसले आहेत, आणि आठवड्याचा दर सांगून मोकळे होतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनें असा दंडक घातला आहे कीं, किरकोळ कर्ज देतांना बँकांनीं व वित्तसंस्थांनीं सर्व खर्च धरून होणारा वार्षिक दर एका तक्त्यांत लिहून ग्राहकास द्यावा. १८७९ च्या कायद्याचा हा पणतूच म्हणावयाचा. पण तक्ता घरीं येऊन कपाटांत पडणार असेल, तर तो आला काय आणि न आला काय!

अग्नि, शत्रु आणि ऋण यांचा शेष ठेवूं नये, तो पुन्हां वाढतो, असें आपले वडील सांगत. आम्ही त्यांत एवढीच भर घालूं कीं, शेष किती आहे हें ठाऊक असल्यावांचून तो संपवितां येत नाहीं. ज्या घरांत कर्ज आहे, त्या घरांत महिन्याच्या पहिल्या तारखेस सर्वांनीं एकत्र बसावें. प्रत्येक देण्याचें मुद्दल, दर आणि हप्ता एका वहींत लिहावा. ज्याचा दर सर्वांत चढा, त्याचा आधीं निकाल लावावा, आणि एक फिटलें कीं त्याचा हप्ता दुसऱ्याकडे वळवावा. ही वही बायकोपासून लपवूं नये, आणि जाणत्या मुलांपासूनही लपवूं नये. कारण आपल्याकडे पुष्कळ घरें कर्जानें बुडालीं नाहींत, तीं कर्जाच्या गुप्ततेनें बुडालीं. सुप्याच्या लोकांना कागद जाळावे लागले, कारण त्यांच्या घरांत वही नव्हती. आपल्या घरांत ती ठेवणें आपल्या हातीं आहे. आणि ती उघडल्यावर, अंथरूण वाटत होतें त्यापेक्षां आंखूड निघालें, तरी तें आपणच मोजलेलें असेल.